नाकावरचं वजन

नंदुरबारात, मिरचीच्या पथारींना लागून
गफ्फार पिंजारीचं गॅरेज.
मार्गशीर्षात तिथे पाना उचलण्याआधी
माणूस दोनदा शिंकतो.

मी म्हटलं, गाडीला ताकद हवी.
अकरा वर्षांची एन्डेव्हर, मागे घोड्यांचा ट्रेलर,
आत काजळी आणि तिचं थोराड शिंगरू.
गेल्या साली सारंगखेड्याला जाताना
प्रकाशाच्या पुलावर, सत्तरच्या वेगात,
ट्रेलर शेपटी हलवायला लागला
आणि स्टिअरिंग माझ्या हातात
कुणा दुसऱ्याचं असल्यासारखं झालं.
खाली तापी. मी खाली पाहिलं नाही.

भाचा म्हणाला होता, मावशी, कॉम्प्युटर लावून
इंजिनाचा नकाशा बदलून घे,
पन्नास घोडे वाढतील.

गफ्फारभाई हसला नाही. जाळीतून
एक मिरची उचलली, देठ मोडला, परत टाकली.
"ओढाले काय, टोणगा बी ओढस.
कोन थांबाडी, ते सांग."

मग त्यानं इंजिनाचं झाकण उघडलंच नाही.
शेजारच्या आडत्याचा वजनकाटा मागून आणला,
वरच्या पोत्यांची लाल धूळ तशीच,
आणि ट्रेलरचं नाक त्यावर टेकवलं.
सत्तर किलो.
अख्खा ट्रेलर, घोड्यांसकट, सतराशे ऐंशी;
आणि नाकावर फक्त सत्तर.
"अहो ताई, हा गाडीला धरून नाहीच.
बोट सोडलेलं पोर जत्रेत जातं, तसा जातो."

छातीचा दांडा वीतभर पुढे सरकवला,
पाण्याची टाकी मागून पुढे आली,
चाऱ्याची जाळी, खोगिरं, माझी पत्र्याची पेटी, सगळं पुढे.
काटा थरथरत एकशे नव्वदवर थांबला.
काजळीनं कान टवकारले,
तिच्या पुढ्यात अचानक चारा आला होता.

पाच दिवस लागले.
मागच्या स्प्रिंगांमध्ये हवेचे फुगे बसले,
गिअरच्या तेलाला वेगळी जाळी,
दोन आरसे, एवढे रुंद की गल्लीत
शांताराम शिंप्याचा पडदा अडकला.
ट्रेलरला त्याचे स्वतःचे ब्रेक.
बाप धनुकलीवर गाद्या पिंजायचा याचा;
तार ताणलेली की ढिली, ते कानानं सांगायचा.
हा हूकच्या बोल्टावर पाना मारतो, ऐकतो,
परत मारतो.
एक बोल्ट त्यानं काढून फेकला. मला तर
दोघांचा आवाज सारखाच वाटला होता.

सहाव्या दिवशी चांदसैलीचा घाट.
घोड्यांच्या जागी वाळूची पोती.
मी सीटवर, किल्ली फिरवणार,
तर गफ्फारभाई मागे जाऊन ट्रेलरमध्ये चढला.
काजळी उभी राहते तिथे उभा राहिला,
दांड्याला छाती लावून,
पन्नाशी उलटलेला, चष्म्याला दोरी बांधलेला माणूस.
"नको," मी म्हटलं.
"गाडी तुम्हाला काय म्हणते ते तुम्हाला कळेल.
तिला काय म्हणते, ते इथंच कळेल."

वळणं मी मोजली नाहीत.
दुसऱ्या गिअरात, पाय अलगद,
आरशात ट्रेलर, आणि ट्रेलरच्या फटीत
त्याच्या टोपीचा पांढरा तुकडा,
दर ब्रेकला एकदा पुढे,
एकदा मागे.
पायाखालचं पेडल मला पहिल्यांदाच
लांबलचक वाटलं,
माझ्यापासून सुरू होऊन त्याच्या छातीपर्यंत.

खाली उतरल्यावर त्यानं दार उघडलं,
रस्त्याकडेला बसून ओकला,
चूळ भरली, स्क्रू ड्रायव्हर मागितला.
ट्रेलरच्या चाकाशी वाकून
ब्रेकचा स्क्रू पाव आटा मागे घेतला.
"मान झटकली जाते," म्हणाला.
"थोडी. पण ती बोलणार नाही."

दुसऱ्या दिवशी पहाटे काजळीला चढवलं.
फळीवर तिनं एक पाय ठेवला, काढला,
आतला वास घेतला:
वाळू, ऑइल, मिरची, माणसाचा घाम.
फुरफुरली.
मग स्वतःहून आत गेली.

बिलात त्यानं
घाटाचे पैसे लावले नव्हते.